पावसाळ्यात बंदुकीला चढलेला गंज: माझा अनुभव

आमच्या राजापूरकडे डुकरं-वानरांपायी शेती राखणं म्हणजे वैताग. घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आहे. श्रावणात नळीवर तांबूस ठिपके उठले, बिजागरीही कुरकुरायला लागली. खारी दमट हवा, दुसरं काय!

आधी आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिलं, बोट घालूनही पाहिलं. मग नळी वेगळी केली. ठिपक्यांवर गन ऑइल टाकून रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक स्टीलवूलने हलक्या हाताने पुसलं. घासकागद नकोच, नळीचा काळा-निळा मुलामाच उडतो. आतून गजाला पितळी ब्रश लावून सॉल्व्हंट (नळीतला मळ विरघळवणारं द्रावण) फिरवलं, मग चिंधी स्वच्छ येईपर्यंत फिरवली. बिजागरीत जुनं खोबरेल थिजून बसलं होतं (आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल!). ते काढल्यावर कुरकुर थांबली.

चामडी म्यानात आता ठेवत नाही, ओल धरतं.

टायटॅनियम सिलिंडरच्या (काडतुसं बसतात ते फिरतं चक्र) रिव्हॉल्व्हरला मात्र हा उपाय करू नका. टायटॅनियम गंजत नाही, पण खरखरीत घासणीने वरचा संरक्षक थर जातो. तिथे सॉल्व्हंट आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरे.