चाळिशीनंतर स्प्रिंट मारायचीय? आधी डोळ्यांचा फील्ड रिपोर्ट नीट वाचा

आरपीमुळे (रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याचा आजार) किंवा तसल्याच कशामुळे ज्यांची नजर मोठेपणी हळूहळू गेली आणि आता ट्रॅकवर उतरायचं डोक्यात आलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. टी-११, टी-१२, टी-१३ हे नजर किती उरलीय त्यावरून पाडलेले पळणाऱ्यांचे गट, म्हणजे स्पोर्ट क्लास, टी-११ ला सगळ्यात कमी दिसतं; ते आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, कसं काढायचं हे तुम्हाला माहीत असणार.

वयाचं म्हणाल तर पॅरा अ‍ॅथलेटिक्सला वरची मर्यादा नाही. अंगोलाचा जुझे सायोवो, सैन्यात असताना सुरुंगाच्या स्फोटात डोळे गेले, त्याने २००४ ला अथेन्समध्ये टी-११ ची १००, २०० आणि ४०० अशी तिन्ही गोल्ड घेतली आणि २०१२ ला लंडनमध्ये चाळिशीला टेकलेला असताना ४०० परत मारली. आता आपण काही सायोवो नाही. स्टेटला शेजारच्या लेनमध्ये एकोणीस वर्षांची पोरगी असणार आणि ती पुढे जाणारच. ते झेपत नसेल तर सकाळी चालायला जा, तब्येतीला तेही चांगलं.

आता मुद्द्याचं. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांचा आणि स्पोर्ट क्लासचा काही संबंध नाही. आरपीत मधली नजर बरेच वर्षं टिकते, चष्मा लावून तक्ता वाचता येतो, म्हणून आपला क्लास बहुतेक वेळा फील्डवर, म्हणजे समोर बघताना कडेला कुठपर्यंत दिसतं त्यावर ठरतो. आणि फील्डच्या कागदावर अंश मोजलेले असतात मधल्या बिंदूपासून बाहेर. माझ्या रिपोर्टवर मधून साधारण आठपर्यंत दिसत होतं. टी-१२ ला दहाच्या आत लागतं, आठ म्हणजे दहाच्या आत, झालं, असं मला डोळ्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं आणि स्वतःला पॅराचे जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनीही. पण नियमातले ते १० अंश म्हणजे व्यास, या कडेपासून त्या कडेपर्यंत! मधून आठ म्हणजे पूर्ण सोळा. टी-१२ साठी मधून पाचच्या आत लागतं, टी-१३ साठी वीसच्या आत, कारण तिथे व्यास ४० चा आहे. जुन्या कागदांत हेच ‘५ अंश त्रिज्या’ असं लिहिलेलं सापडतं, नव्यात ‘१० अंश व्यास’, गोष्ट एकच. तर रिपोर्टवरचा आकडा दुप्पट करा आणि मग नियमाशी लावून बघा. परत सांगते, दुप्पट करा.

एवढं का उगाळतेय? कारण टी-१२ ला गाइड (दोरीचं दुसरं टोक धरून बरोबर पळणारा डोळस माणूस) हवा तर घेता येतो, टी-१३ ला गाइड मिळतच नाही. मी अख्खा सीझन दोरी धरून पळाले, स्टार्ट बसवला, हातांची लय बसवली, आणि क्लासिफिकेशनच्या टेबलावर कळलं की मी टी-१३, एकटीने पळायचंय. लेनच्या पांढऱ्या रेषेवर नजर धरून शंभर मीटर सरळ जायचं हे वेगळंच स्किल आहे, ते दोन दिवसात येत नाही. शिवाय रिपोर्ट वर्षभराच्या आतला हवा आणि नुसती मधल्या दहा अंशांची टेस्ट पुरत नाही, पूर्ण फील्डची करून घ्या. गोल्डमन नावाच्या मशीनवर केली तर स्टिम्युलस (दाखवलेला प्रकाशाचा ठिपका) III/४ लिहिलाय ना ते तिथेच विचारा, घरी येऊन नाही.

घाबरू नका पण. टी-१३ म्हणजे कमी प्रतीचं काही नाही, आणि आरपी वाढत जाते म्हणून क्लास परत तपासतात. माझं फील्ड पुढे आकसलं आणि मी टी-१२ झाले. ग्रुपवर लोकांनी अभिनंदन केलं, काय उत्तर द्यायचं कळेना.

गाइडबद्दल माझं मत ऐका, पटलं तर घ्या. नवरा, मुलगा, भाचा नको. घरचा माणूस काळजीपोटी ओढतो, आणि गाइडने ओढलं की बाद. गाइड तुमच्यापेक्षा चांगलाच फास्ट हवा, कॉलेजचा ४०० वाला बघा, कारण त्याने तुमच्या हातापायांशी आरशासारखं जुळवून पळायचं असतं आणि शेवटी तुमची छाती त्याच्या आधी रेषेवर यायला हवी. दमलेल्याला हे जमत नाही. दोरी ३० सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. ती सोडायची तर अजिबात नाही: २०२४ ला पॅरिसमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त टी-१२ मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती, गाइडला क्रॅम्प आला, त्याला सावरायला तिने शेवटच्या रेषेच्या काही मीटर आधी दोरी सोडली आणि तिला बाद केलं. त्याच पॅरिसमध्ये आपली सिमरन शर्मा गाइड अभय सिंगबरोबर २०० ला ब्राँझ घेऊन आली.

बाकी, या वयात हॅमस्ट्रिंग जातं ते पळण्याने कमी आणि थंड अंगाने ब्लॉकमधून उठण्याने जास्त. वॉर्मअप पोरांच्या दुप्पट करा, त्यांना हसू दे. सहा आठवड्यांत स्पीड वाढवून देतो म्हणणारा कोच भेटला तर नमस्कार करून निघा. आणि गाइडला पेट्रोलचे, नाश्त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून ठरवून द्या. तो नको म्हणेल, तरी द्या, नाहीतर परीक्षा आली की तो फोन उचलायचा बंद होतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.