चुकीचं तिकीट निघालं, त्यावर ‘परतावा नाही’ लिहिलंय: आता बदल कसा मागायचा?

दीनानाथ नाट्यगृह सांगलीतही आहे आणि मुंबईत पार्ल्यालाही. बालगंधर्व मिरजेत आहे तसंच पुण्यातही. ॲपवर शहर पुणे निवडलेलं राहिलं, घाईत नाव वाचून बोट पुढे सरकलं, पैसे गेले, आणि तिकीट हातात आल्यावर कळलं की प्रयोग घरापासून चार तासांच्या वाटेवर आहे. कधी शनिवारऐवजी रविवार निघतो, कधी तीनऐवजी सहा तिकिटं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: नॉन-रिफंडेबल.

इथे बरेच जण पैसे बुडाले असं समजून गप्प बसतात. उरलेले पैसे परत मागत कस्टमर केअरशी भांडतात आणि त्यांना तेच ठरलेलं उत्तर मिळतं. ‘परतावा नाही’ म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत, एवढंच. तारीख, जागा किंवा नाव बदलता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा. काही तिकिटांवर बदल आणि हस्तांतरण दोन्हींना स्पष्ट नकार असतो, म्हणून अटी आधी वाचा. पण जिथे फक्त परताव्याचा उल्लेख आहे तिथे बदलाला जागा आहे. अट कडक असली तरी आयोजकाला ती सैल करण्याचा अधिकार असतो.

परतावा अवघड, बदल सोपा का?

तुम्ही भरलेल्या रकमेचे दोन भाग असतात. तिकिटाचा दर आयोजकाचा. त्यावरचं कन्व्हिनियन्स शुल्क आणि त्या शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी ॲपच्या व्यवहाराचा. परतावा द्यायचा म्हणजे कुणीतरी हातातली रक्कम सोडायची. बदल करायचा म्हणजे तुमची जुनी जागा प्लॅनवर, म्हणजे आसनांच्या नकाशावर, पुन्हा मोकळी करायची आणि नवीन जागेवर फुली मारायची. जुनी जागा पुन्हा विकली गेली तर आयोजकाचं काहीच जात नाही.

सगळा जोर म्हणूनच वेळेवर आहे. प्रयोगाला सहा दिवस असताना सोडलेली पुढच्या रांगेतली जागा विकली जाते. दोन तास आधी सोडलेली जागा रिकामीच राहते, आणि तेव्हा आयोजक नाही म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही. चूक लक्षात आली की त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात हालचाल करा.

आधी एवढं करून ठेवा

घाबरून लगेच दुसरं, बरोबर तिकीट काढू नका. ते काढलं की बदलून मागण्यासारखं काही उरत नाही. आधी तिकिटाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात बुकिंग क्रमांक, तारीख, वेळ, नाट्यगृह आणि जागा दिसायला हव्यात. यूपीआयने पैसे भरले असतील तर त्या ॲपमधला १२ अंकी व्यवहार क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा. मग हव्या त्या प्रयोगाचा प्लॅन उघडा आणि त्याच दरातल्या कोणत्या जागा मोकळ्या आहेत ते लिहून घ्या. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि खरा फरक तिनेच पडतो. समोरच्याला नेमकी जागा सांगितली की त्याचं काम दोन मिनिटांचं होतं. ‘काहीतरी ॲडजस्ट करा’ म्हटलं की ते उद्यावर ढकललं जातं.

नेमकं कुणाशी बोलायचं?

एका तिकिटामागे तिघे असतात: ॲप, आयोजक किंवा निर्मिती संस्था, आणि नाट्यगृह. साताऱ्याचं शाहू कला मंदिर असो की मिरजेचं बालगंधर्व, नाट्यगृह सभागृह भाड्याने देतं. तिथल्या कर्मचाऱ्याला ॲपवरचं तिकीट बदलता येत नाही, त्याच्यावर आवाज चढवून काहीही मिळत नाही. ॲपच्या चॅटवर पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला पडद्यावर नियमच दिसतो, तो नियमच सांगणार. सूट देऊ शकतो तो आयोजक. ॲप त्याची अंमलबजावणी करतं.

दोन्हीकडे एकाच वेळी हात घाला. ॲपमध्ये त्या बुकिंगखालच्या मदत विभागातून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्याच वेळी आयोजकाला फोन करा. नाटकाचा नंबर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत असतो, बाकी कार्यक्रमांचा पोस्टरवर किंवा कार्यक्रमाच्या पानावर. आयोजक हो म्हणाला तर ‘ॲपला तसं कळवाल का, आणि मला एक ओळीचा मेसेज पाठवाल का?’ असं लगेच विचारा. फोनवरचा होकार ॲपला दिसत नाही.

तिकीट खिडकीवरून काढलं असेल तर गोष्ट फार सोपी आहे. बुकिंगच्या वेळेत कागदी तिकीट घेऊन जा. प्लॅन समोरच असतो, बुकिंगवाल्याला खोडून दुसरीकडे खूण करता येते. फक्त प्रयोगाच्या आधीच्या गर्दीत जाऊ नका, आदल्या दिवशी जा.

मेसेज कसा लिहावा

साधारण असा:

‘नमस्कार. शनिवार, १४ तारखेच्या सायंकाळी ५ च्या प्रयोगाची तीन तिकिटं (ड ११, १२, १३) आज सकाळी १०:२० ला काढली. आम्हाला रविवारचा प्रयोग हवा होता, तारीख निवडताना माझी चूक झाली. परतावा मागत नाही. रविवारी त्याच दराच्या फ १ ते ३ या जागा आत्ता मोकळ्या दिसत आहेत. तिथे बदलून मिळाल्यास शनिवारच्या जागा तुम्हाला आजच विक्रीला मिळतील. बदलाचं शुल्क असल्यास भरेन. बुकिंग क्रमांक … मोबाइल …’

चूक आपली आहे हे सरळ कबूल करा. ॲपमध्ये बिघाड होता असं खोटं लिहिलं तर ते नोंदी तपासतात आणि पुढचं सगळं संशयात जातं. ‘परतावा मागत नाही’ हे वाक्य लवकर यायला हवं, कारण नकाराचं तयार उत्तर परताव्याच्या मागणीला असतं. घरातल्या अडचणींचा पाढा वाचू नका. मेसेज एकाच पडद्यावर मावावा.

चॅटवर नकार आला तर तीन गोष्टी विचारा: नकार कोणत्या अटीनुसार, आयोजकाची संमती आणली तर बदल होईल का, आणि हे प्रकरण वरिष्ठांकडे पाठवाल का. चॅट बंद होण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या.

चूक कोणती, त्यावर मागणी ठरते

पैसे गेले पण तिकीट आलं नाही, म्हणून पुन्हा पैसे भरले, हा प्रकार सर्रास घडतो. पहिले पैसे वाऱ्यावर नसतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला भरलेले पैसे खात्यातून गेले पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही तक्रार तुमच्या यूपीआय ॲपकडे किंवा बँकेकडे करायची, आयोजकाकडे नव्हे. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र दोन्ही वेळा तिकिटं निघाली असतील तर हा नियम लागू होत नाही. तिथे ॲपला दोन्ही बुकिंग क्रमांक एकत्र पाठवा. एकच नंबर, एकच प्रयोग, मध्ये चार मिनिटांचं अंतर, हे पाहिलं की चूक समजावून सांगावी लागत नाही. परतावा मागण्यासारखं हे जवळजवळ एकमेव प्रकरण आहे. पुन्हा पैसे भरण्याआधी ‘माझी बुकिंग्ज’ उघडून बघायची सवय लावली तर ही वेळच येत नाही.

शहर चुकलं असेल तर बदल होण्याची शक्यता आयोजकावर अवलंबून असते. त्याच निर्मिती संस्थेचा प्रयोग दोन्हीकडे असेल तर विचारायला हरकत नाही. गावोगावचे प्रयोग वेगवेगळे ठेकेदार विकत घेत असतील तर एकाचे पैसे दुसऱ्याकडे जात नाहीत आणि उत्तर नाहीच येतं. तिथे वेळ न घालवता तिकीट ओळखीच्या कुणाला देण्याच्या मागे लागा.

रात्री १२ चा घोळ वेगळाच. रविवारी १२ एएम म्हणजे शनिवारची मध्यरात्र. चित्रपटांच्या मध्यरात्रीच्या खेळांत ही चूक हमखास होते, आणि बहुतेकांना ती गेटवरच कळते. तोपर्यंत उपाय उरलेला नसतो.

धावण्याच्या शर्यती हा साताऱ्याच्या लोकांचा खास विषय. हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, एका नावाशी जोडलेला असतो. टी-शर्टचा साइज, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख अशा दुरुस्त्या नोंदणीचा डेटा छपाईला जाईपर्यंत सहसा होतात, म्हणून नोंदणीनंतर आलेला ईमेल त्याच दिवशी नीट वाचा. आपल्या जागी मित्राला त्याच बिबवर पळवू नका. वैद्यकीय माहिती आणि तातडीचा संपर्क त्या क्रमांकामागे तुमचा असतो. यवतेश्वरच्या चढावर तो कोसळला तर डॉक्टरांच्या हातात चुकीच्या माणसाची माहिती पडेल.

बदल झालाच नाही तर

अटींत मनाई नसेल तर तिकीट दुसऱ्याला द्या. ॲपमध्ये हस्तांतरणाची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे जुना क्यूआर रद्द होऊन नव्या माणसाच्या नावावर निघतो. विश्रामबागच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकताना क्यूआर झाकूनच टाका. गेटवर जो आधी स्कॅन होतो तोच आत जातो. मूळ दरापेक्षा जास्त पैसे मागू नका, त्यासाठी तिकीट रद्द होऊ शकतं.

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम व्यापाऱ्याकडून परत फिरवून, मागण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो स्वतःच्या चुकीसाठी वापरू नका. तिकीट कबूल केल्याप्रमाणे मिळालेलं असतं, दावा टिकत नाही, वर ॲप खातं बंद करू शकतं.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. परतावा देतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावलं, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

कायदा कुठे उपयोगी पडतो?

तारीख तुम्हीच चुकीची निवडली असेल तर कायद्याचा फारसा आधार नाही, हे मान्य करून चालावं. आयोजकाने कार्यक्रम रद्द केला, विमा किंवा देणगी आधीच खूण करून बिलात घुसवली, किंवा तक्रारीला उत्तरच आलं नाही, तर चित्र बदलतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, सहसा तळाशी असतो. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रारीची मुदत २ वर्षांची. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे: तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. कार्यक्रम मुंबईचा आणि कंपनी बंगळुरूची असली तरी सांगलीकराला सांगलीत दाद मागता येते. आठशे रुपयांच्या तिकिटासाठी एवढं करायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पण रद्द झालेल्या कार्यक्रमाचे कुटुंबाचे पाच-सहा हजार अडकले असतील तर जरूर करा.

बदल मिळाल्यावर

नवीन तिकीट आलं की बुकिंग क्रमांक, तारीख आणि जागा पुन्हा ताडून बघा, कारण हाताने केलेल्या बदलात जागा इकडची तिकडे होऊ शकते. जुनं तिकीट फोनच्या गॅलरीतून आणि घरच्यांच्या चॅटमधून काढून टाका, नाहीतर गेटवर नेमकं तेच उघडलं जातं. आयोजकाचा होकाराचा मेसेज वर पिन करून ठेवा. प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा आणि रांगेत उभं राहण्याआधी खिडकीवर जागा तपासून घ्या.