नवा स्वयंसेवक आला, त्याला चावी कधी द्यायची?

"नमस्कार सर, मला तुमच्या प्रोजेक्टला जॉईन व्हायचंय. मला सी, जावा, पायथॉन येतं. काम सांगा."

गूगल समर ऑफ कोडचे (नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करण्यासाठी गूगल मानधन देतं, त्या उपक्रमाचे) अर्ज जवळ आले की फेब्रुवारी-मार्चात असे मेल येऊ लागतात. मुक्त सॉफ्टवेअरचा छोटा प्रकल्प सांभाळणाऱ्याला आधी आनंदच होतो, कारण माणसं कायम कमी असतात. मग प्रश्न पडतो, याला कितपत आत घ्यायचं? मी मराठी भाषांतराचं काम बघतो. खाली सांगतोय त्यातली बरीचशी शिस्त डेबियनकडून घेतली आहे. १९९३ पासून ही लिनक्स प्रणाली स्वयंसेवकच चालवतात, त्यामुळे माणसं पारखायचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

पायरी १: तो नेमकं काय मागतोय?

काम करायला इथे कोणाची परवानगी लागत नाही. कोड उघडा असतो, दुरुस्ती करा आणि पाठवून द्या. परवानगी लागते ती दुरुस्ती स्वतःच्या हाताने मुख्य कोडमध्ये घालायला. बऱ्याच अर्जदारांना हा फरक ठाऊक नसतो, आणि खरं सांगायचं तर काही मेंटेनरनाही (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनाही) नसतो.

डेबियनमध्ये यासाठी वेगवेगळे दर्जे आहेत. नवखा माणूस पॅकेज (सॉफ्टवेअर बसवता येईल असा गठ्ठा) तयार करतो आणि एखादा डेव्हलपर ते तपासून डेबियनच्या साठ्यात चढवतो. पुढचा दर्जा 'डेबियन मेंटेनर'चा, तो २००७ पासून आहे. मेंटेनरला फक्त नेमून दिलेली पॅकेजं स्वतः चढवता येतात. पूर्ण डेव्हलपरला सगळीकडे मुभा असते. २०१० मध्ये आणखी एक दार उघडलं: भाषांतर, दस्तऐवज किंवा आयोजन करणाऱ्यांना मतदानाचा हक्क मिळतो, पण पॅकेज चढवण्याचा नाही. तुमचा प्रकल्प चार जणांचा असला तरी असे दर्जे कागदावर लिहून काढा. नाहीतर 'आत' आणि 'बाहेर' एवढेच दोन प्रकार उरतात, आणि भिडेखातर सगळेच आत येतात.

पायरी २: शिफारस कामाची हवी

डेबियनच्या अर्जाला आधीपासून डेव्हलपर असलेल्या कोणाचा तरी पाठिंबा लागतो. आपल्याकडच्या चारित्र्याच्या दाखल्यासारखं 'मी यांना गेली पाच वर्षं ओळखतो, वर्तणूक चांगली आहे' असं त्यात चालत नाही. यांच्याबरोबर मी कोणतं काम केलं, ते कसं झालं, हे लिहावं लागतं. तुमच्याकडे शिफारस करणारा कोणी नसेल, तर अर्जदाराने दुसरीकडे पाठवलेल्या दुरुस्त्या मागा आणि त्यांखालची चर्चा वाचा. कोडपेक्षा त्या चर्चेतून माणूस जास्त कळतो.

पायरी ३: छोटं काम द्या, आणि ते परत पाठवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी वीस वाक्यं भाषांतराला देतो. 'डिस्कवर २ जीबी फ्री' याचं कोणी '२ जीबी फुकट' केलं, तर मजकूर यंत्रातून काढून न वाचताच पाठवला हे लगेच समजतं. 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' लिहिणारा डोंगरातून थेट समुद्रात उतरतो. हा अर्धा र कीबोर्डवर कसा काढायचा, हे त्याला माहीत हवं किंवा त्याने विचारायला हवं. तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. मूळ वाक्यात फाइल आणि फोल्डरची नावं जिथे येणार, तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर असतं. इंग्रजीत आधी फाइल येते, मग फोल्डर. मराठीत आपण 'अमुक फोल्डरमधली तमुक फाइल उघडली नाही' म्हणतो. क्रम उलटला की त्या चिन्हांना क्रमांक द्यावे लागतात, नाहीतर पडद्यावर फाइलच्या जागी फोल्डर दिसतो. पहिल्या फटक्यात हे कोणालाच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं.

म्हणून चुका मोजू नका. शेरे मारून काम परत पाठवा आणि उत्तराची वाट बघा. कोणी मुकाट्याने सगळं दुरुस्त करून देतो, ते ठीकच. कोणी 'सर प्लीज ॲक्सेप्ट करा, सर्टिफिकेटला लागतंय' असं लिहितो. आणि एखादा लिहितो, "सतरापैकी सोळा मान्य. पण 'संचिका' कोणी बोलत नाही, 'फाइल'च ठेवूया, जुन्या आवृत्तीत तेच आहे." हा माणूस सोडू नका. त्याने जुनी आवृत्ती उघडून पाहिली आहे.

एकदा मी हीच पायरी गाळली. दोन दुरुस्त्या झकास होत्या, म्हणून पहिल्याच आठवड्यात पूर्ण ॲक्सेस दिला. त्या उत्साही गृहस्थांनी एका रात्रीत तीनेकशे वाक्यं स्वतःच्या आवडीच्या संस्कृत शब्दांत बदलली. हेतू वाईट नव्हता. माझे मात्र दोन रविवार ते पूर्ववत करण्यात गेले.

पायरी ४: चार प्रश्न विचारा

डेबियनमध्ये अर्जदाराला एक व्यवस्थापक नेमून देतात आणि मेलवर प्रश्नोत्तरं चालतात. त्यात १९९७ चा सामाजिक करार (डेबियनने वापरणाऱ्यांना दिलेली वचनं), मुक्त सॉफ्टवेअरचे निकष आणि लायसन्स येतात. पुस्तक उघडून उत्तर दिलं तरी चालतं, फक्त समजलेलं असावं. नमुन्याचा प्रश्न: लायसन्समध्ये 'व्यापारी वापरास मनाई' असेल, तर ते सॉफ्टवेअर डेबियनच्या मुख्य विभागात जाईल का? नाही, कारण कोणत्या कामासाठी वापरता यावरून भेदभाव करायचा नाही, असा निकष आहे. भाषांतरवाल्यांना मी विचारतो, छापील शब्दकोशातली यादी जशीच्या तशी उचलली तर चालेल का? 'नेटवर होती' हे उत्तर आलं की लायसन्स समजावून सांगण्यापासून सुरुवात करावी लागते.

पायरी ५: ओळख आणि घाई

डेबियनचे लोक प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून, एकमेकांच्या डिजिटल किल्ल्यांवर (काम त्याच माणसाचं आहे हे पटवणाऱ्या) सह्या करतात. कोचीला २०२३ मध्ये डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचं संमेलन, भरलं होतं. अशा ठिकाणी ते सोयीचं जातं. पण नाव खरं आहे म्हणजे हेतूही खरा, असं होत नाही.

'एक्सझेड'चं प्रकरण आठवा. फाइल आकसवणारी ही छोटी लायब्ररी (इतर सॉफ्टवेअर वापरतात असा तयार कोड) जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी तिच्यासाठी दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी दमलेल्या मूळ मेंटेनरवर 'काम फार संथ चाललंय, दुसऱ्याला सोबत घ्या' असा तगादा लावला, आणि टॅनकडे अधिकार आले. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून चोरदरवाजा बाहेर पडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं. त्याने खोदून पाहिलं, आणि २९ मार्च २०२४ ला जगाला कळलं.

यातून दोन कामं करा. 'याला लवकर अधिकार द्या' असा घोषा अर्जदारासाठी तिसरंच कोणी लावत असेल, तर अर्ज महिनाभर बाजूला ठेवा. आणि जुना असो की नवा, एकट्याच्या हातून आवृत्ती बाहेर जाऊ देऊ नका. एकाने बांधावी, दुसऱ्याने ती मूळ कोडशी ताडून पाहावी. एक्सझेडमध्ये घातक कोड कामाला लावणारा तुकडा फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता, उघड्या कोडसाठ्यात नव्हता.

पायरी ६: निर्णय कळवा

तीन महिन्यांसाठी, ठरावीक फोल्डरपुरता अधिकार द्या. तारीख कॅलेंडरवर टाका. कोणी वर्षभर फिरकलं नाही, तर विचारून अधिकार काढून घ्या. डेबियनमध्ये अशांना मानाने 'एमेरिटस' (मानद निवृत्त) करतात, भांडण होत नाही.

नकार द्यायचा असेल तर गप्प बसू नका. मी असं लिहितो: "तुमची वीसपैकी अकरा वाक्यं आम्ही घेतली, श्रेय तुमच्या नावावर आहे. अधिकार आत्ता देत नाही, कारण शेऱ्यांना उत्तरं आली नाहीत. पुढची तीस वाक्यं सोबत जोडली आहेत, सवडीने पाठवा."