आवडता गायक समोर बसून ऐकायचा असेल तर: मिरज-सांगलीच्या मैफलींची तयारी

ज्या गायकाचा आवाज वर्षानुवर्षं मोबाईलवर आणि प्रवासात ऐकत आलात, तो मिरजेत गाणार असल्याचं पत्रक हाती पडलं की आधी जागा आणि वेळ नीट वाचा. दर्गा, देऊळ की नाट्यगृह, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. किती वाजता पोचायचं, काय अंथरायचं, कोणते राग ऐकायला मिळतील, रात्री परत कसं यायचं, सगळंच.

तिकीट न काढता मोठा गायक ऐकण्याच्या मिरजेतल्या दोन जागा सर्वांना ठाऊक आहेत. एक, ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा. दुसरी, अंबाबाईच्या देवळातला नवरात्र संगीत महोत्सव. नवरात्र अश्विनात ठरलेलं. उरूस मात्र चांद्र महिन्यांप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून रजा टाकू नका. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर वारले, आणि त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. किराणा घराण्याचा गायक इथे गातो तेव्हा तो आपल्या परंपरेच्या मूळ पुरुषासमोर बसलेला असतो. अशा ठिकाणी गायक सहसा चमत्कृतीपेक्षा स्वर लावण्याकडे वळतात, आणि श्रोत्यानंही त्याच तयारीनं जावं.

बंदिस्त सभागृहं म्हणजे मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह, सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यमंदिर, आणि सातारकरांसाठी शाहू कला मंदिर. मोकळी जागा आणि सभागृह यांतला मोठा फरक घड्याळाचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. बंद सभागृहाला ही अडचण नसते. म्हणून दरबारी, मालकंस असे रात्रीचे राग निवांत ऐकायची आस असेल तर सभागृहातल्या रात्रीच्या मैफलीवर नजर ठेवा. उघड्यावरच्या सभेत सातला बसणाऱ्या गायकाकडून मारवा, पुरिया, यमन, पूरियाधनाश्री यांची अपेक्षा धरा, नऊनंतर बागेश्री, केदार, बिहाग यांची.

कानाची तयारी पंधरा दिवस आधी

नुसतं आवडतं म्हणून गेलात तरी आनंद होतोच, पण थोडी मेहनत केली तर तोच तास दुप्पट मिळतो. त्या गायकाचे वरच्या यादीतले तीन राग निवडा आणि प्रत्येकाचं एकेक पूर्ण ध्वनिमुद्रण दिवसाआड ऐका. तुकडे ऐकू नका. चाळीस मिनिटांचा ख्याल चाळीस मिनिटंच ऐका. बंदिशीची अस्थाई, म्हणजे पहिला भाग, वहीत लिहून काढा. शब्द समजले नाहीत तरी जसे कानाला येतात तसे लिहा.

मग विलंबित एकताल हाताशी आणा, कारण बहुतेक बडा ख्याल याच तालात भेटेल. मात्रा बारा: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. लय इतकी संथ असते की एकेक मात्रा चार-चार सेकंदांची झाली तर एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, पाऊण मिनिटाहून लांब जातं, आणि नवा श्रोता मध्येच हरवतो. हरवलात तर मात्रा मोजत बसू नका, तिरकिटाला कान लावा. आवर्तनात ते दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि लगेच सम, म्हणजे पुढच्या फेऱ्याची पहिली मात्रा. तू आणि धी यांतला फरक डग्ग्यावरून ओळखता येतो: ‘तू’ला डग्गा गप्प असतो, ‘धी’ला घुमतो. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ, साधारण याच शेवटच्या दोन मात्रांच्या आसपास उचलतो. हे एकदा कानात बसलं की सम येण्याआधीच अंगावर काटा येतो, आणि समेला सगळी बैठक एकदम मान हलवते ती का, हे कळतं. घरी रोज दहा मिनिटं हाताला टाळी लावून सराव पुरतो.

पोचणं आणि परतणं

सांगली-मिरज अंतर दहा-एक किलोमीटर, रिक्षा आणि शहर बस दिवसभर. पण मैफल संपते तेव्हा बस नसते असंच धरून चाला. परतीचा रिक्षावाला जातानाच ठरवा. साताऱ्याहून रेल्वेनं थेट मिरज जंक्शनला उतरता येतं; सातारा स्टेशन मात्र गावाबाहेर माहुलीला आहे, तिथवर जायला वेळ हाताशी ठेवा. रस्त्यानं येणार असाल तर महामार्गानं कराड मागे टाकून पेठ नाक्याला वळायचं, पुढे आष्ट्यावरून सांगली. पावसाळ्यात कृष्णा चढलेली असेल तर निघण्यापूर्वी पुलांची चौकशी करा.

बरोबर काय घ्यावं? जाड सतरंजी किंवा घडीची उशी, कारण दोन तास मांडी घालून बसल्यावर गुडघे तुमचं लक्ष गायकावरून काढून घेतात. एक शाल, पाण्याची बाटली, पेन आणि छोटी वही. कुरकुरीत पिशवीतला खाऊ नको. विलंबितात त्या पिशवीचा आवाज दहा जणांना जातो. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हवी. चपला पिशवीत घालून जवळ ठेवल्या तर परतताना शोधाशोध वाचते.

कुठे बसायचं

पहिली रांग मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. मंचाच्या दोन्ही टोकांना मोठे स्पीकर असतात, त्यांच्या समोर बसलात तर फक्त एकाच पेटाऱ्याचा आवाज कानात आदळतो आणि गळ्याचे बारकावे पुसले जातात. अगदी मध्यावर, पहिल्या दोन-तीन ओळींत जागा मिळाली तर उत्तम: तिथे स्पीकरचा आवाज कडेनं जातो आणि तंबोरा, पेटी, तबला थेट ऐकू येतात, शिवाय गायकाचा चेहरा आणि हात दिसतो. ती नसेल तर पुढे घुसण्यापेक्षा सभागृहाच्या मध्यभागी, आवाज नियंत्रित करणारा माणूस बसतो त्याच्या आसपास बसा. तो स्वतःच्या कानाला गोड लागेल असाच आवाज लावतो, म्हणून त्याच्याजवळ समतोल बरा मिळतो. भिंतीला टेकून बसणं पाठीला बरं, कानाला वाईट. भिंतीपाशी डग्ग्याचा घुमारा फुगतो.

तबल्याची बाजूही पाहून घ्या. तबलजी मंचावर कुठे बसतो ते मांडामांडीत दिसतं. लयीची ओढ असलेल्यानं तिकडे सरकावं. स्वरात रमणाऱ्यानं पेटीच्या बाजूला.

अर्धा तास आधी जायलाच हवं

तंबोरे जुळताना ऐकणं हा मैफलीचाच भाग आहे, आणि मिरजेत तर तो चुकवणं म्हणजे गावाचा अपमान. हे तंबोरे बहुधा इथल्याच सतारमेकरांच्या हातचे असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा येतो पंढरपूरकडचा. चार तारा: पहिली पंचमाची (मालकंसासारखा राग असेल तर मध्यमाची), मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. तारेखाली घोडीवर घातलेला सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी उघडते, आणि एका तारेतून अनेक स्वर उमटू लागतात. तो क्षण ऐका. पहिली तार मध्यमात गेलेली ऐकू आली, तर कोणता राग येणार याचा अंदाज गायकानं तोंड उघडण्याआधी बांधता येतो. पट्टीही, म्हणजे गायकाचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे तेही, तेव्हाच कळते: पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास, स्त्रिया काळी चार, काळी पाचकडे.

मध्येच तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो तेव्हा नवखे श्रोते आपसांत बोलू लागतात. त्यामागचं कारण समजून घ्या. रात्र चढते तशी हवा गार होते आणि पोलादी तारा आकसून स्वर वर जातो. त्याच वेळी हवेतला ओलावा तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल करतो आणि तिचा स्वर खाली येतो. दोन्ही विरुद्ध दिशांना पळतात. सभागृहात दिव्यांची धग असेल तर उलट: पुडी तापून चढते, तारा उतरतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा जागचा हलत नाही, म्हणून तो बरोबर असला की खरे तंबोरे सरकले हे लगेच उघडं पडतं. अशा वेळी शांत राहा. त्या दोन मिनिटांवर पुढची वीस मिनिटं उभी असतात.

माईक शिट्टी मारतो तेव्हा बहुतेकदा दोष गायकासमोरच्या छोट्या स्पीकरचा असतो. त्यातला आवाज वाढला की तोच माईकमध्ये परत शिरतो आणि फिरत राहतो. प्रेक्षकांतून ‘आवाज वाढवा’ ओरडलात तर शिट्टीच वाढेल.

दाद, फर्माईश आणि फोन

दाद मनापासून आणि हळू. जागा सुंदर लागली तर ‘वा’, ‘क्या बात है’ तोंडातून आपोआप येतं, तेवढं पुरे. आलापाच्या मधोमध टाळ्या वाजवल्या की गायकाचा श्वासाचा हिशेब मोडतो. टाळ्या राग संपल्यावर, किंवा तबलजीचा तुकडा समेवर नेमका आला तर. मांडीवर बोटांनी ताल धरा, जमिनीवर थाप मारू नका.

फर्माईश ओरडून करू नये. अर्ध्या कागदावर राग किंवा नाट्यपद लिहून मध्यंतरात संयोजकांकडे द्या. बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथे नाट्यपदाची चिठ्ठी गायकांना अनपेक्षित नसते. पण रात्री तोडीसारखा सकाळचा राग मागू नका, आणि नुकत्याच गायलेल्या रागाचीच दुसरी बंदिश मागू नका. मैफलीतल्या शेवटच्या गायकानं समारोपाची भैरवी घेतली की मागणं संपलं. त्यानंतर आणखी एक मागणारा श्रोता अडाणी ठरतो, मग तो कितीही मोठा चाहता असो.

फोन बंद ठेवा, नुसता मूक नको. अंधारात उजळलेला पडदा गायकाला मंचावरून दिसतो. कायद्यानंही आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो. परवानगीवाचून चित्रफीत काढून समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे ज्याच्यावर प्रेम करतो त्याचाच हक्क डावलणं. शिवाय चौकटीतून बघताना कान अर्धे बंद होतात.

गाणं झाल्यावर

भेटायचं असेल तर वाद्यं गवसणीत जाईपर्यंत थांबा. उग्र अत्तर लावून किंवा थंड मिठाई घेऊन जाऊ नका, तापलेल्या गळ्याला दोन्ही नकोशी. साधा हार किंवा नुसता नमस्कार पुरतो. ‘फार छान गायलात’ यापेक्षा ‘दुसऱ्या आवर्तनात तीव्र मध्यमावर थांबलात ते’ असं एक नेमकं वाक्य गायकाला जास्त आवडतं, कारण त्यातून ऐकलं गेल्याची खूण मिळते. दोन मिनिटांत बाहेर या, मागे रांग असते.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी वही उघडा: राग कोणत्या क्रमानं आले, पट्टी कुठली होती, मुखड्याचे शब्द काय होते, कोणती जागा रेकॉर्डवर कधी ऐकली नव्हती. मुखडा गुणगुणून बघा. सकाळपर्यंत तो निम्मा पुसला जातो, रात्रीच लिहिला तर राहतो.