रिमोट स्टार्टर बसवताना या चुका टाळा

रिमोटचं बटण दाबलं, पार्किंग लाइट लुकलुकले, सेल्फने एकदा ‘टक्’ केलं आणि सगळं थंड. लगेच निदान तयार: मॉड्यूल (गाडी दुरून चालू करणाऱ्या रिमोट स्टार्टरचा डबा) खराब. आधी अर्थिंग, म्हणजे मॉड्यूलची गाडीच्या बॉडीला जाणारी काळी वायर, बघा!

डॅशबोर्डखाली हाताला लागेल त्या पट्टीला स्क्रू मारून काळी वायर अडकवायची, ही सर्वांत जास्त छळणारी चूक. ती पट्टी रंगवलेली असते, कधी नुसती प्लास्टिकला जोडलेली. मग प्रकार ठरलेला. दुपारी गाडी बिनतक्रार चालू होते, थंडीच्या सकाळी हटून बसते. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज आधीच खाली येतो, त्यात कच्च्या अर्थिंगमध्ये आणखी व्होल्टभर गेला की मॉड्यूल रीसेट होतं. लोक मॉड्यूल बदलतात, मग रिमोट, मग बॅटरी. स्क्रू मात्र तिथेच. बॉडीचा जाड पत्रा शोधा, रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल दाबून बोल्टने आवळा. मग सेल्फ फिरत असताना ती वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर लावा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर काम पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे, तरी घाई करणारे नेमकं हेच टाळतात.

दुसरी तक्रार: इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं. इथे वेळ बघा. एक-दोन सेकंदांत बंद पडलं आणि डॅशबोर्डवरचा सिक्युरिटी दिवा लुकलुकत असेल, तर कारण इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. गाडीला ओळखीची असलेली चावी इग्निशनमध्ये न फिरवता ठेवा आणि रिमोटने स्टार्ट करून पाहा. आता चालू राहिली तर बायपास मॉड्यूलचं (रिमोटने स्टार्ट करताना इमोबिलायझरला चावी असल्याचं भासवणाऱ्या भागाचं) प्रोग्रामिंग किंवा जोडणी चुकली आहे. पण इंजिन काही सेकंद नीट चालून बंद होत असेल, मॉड्यूल पुन्हा सेल्फ मारत असेल, किंवा इंजिन पेटल्यावरही सेल्फ घरघरत राहत असेल, तर टॅकोमीटरचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) सिग्नल मॉड्यूलपर्यंत पोहोचत नाही किंवा त्याला शिकवलेला नाही. ही घरघर चालू ठेवू नका, फ्लायव्हीलचे, म्हणजे सेल्फ ज्याला फिरवतो त्या चाकाचे, दात जातात.

वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मोजा. इग्निशनच्या वायरवर चावी ‘ऑन’ असताना आणि सेल्फ मारतानाही 12 व्होल्ट राहतात, ॲक्सेसरीच्या (रेडिओ, ब्लोअर वगैरेंच्या) वायरवर सेल्फ मारताना शून्य होतात, सेल्फच्या वायरवर फक्त तेवढ्यापुरते येतात. गाडी चालू पण एसीचा ब्लोअर बंद, म्हणजे ॲक्सेसरीची एखादी वायर राहिली.

बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना लावू नका. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नाही. चिमट्यासारखे टॅप कनेक्टर जाड वायरींवर वापरणं म्हणजे पुढची तक्रार आजच लिहून ठेवणं. सोल्डर करा, वर कापडी टेप.

बॉनेटचा स्विच ‘नंतर लावू’ म्हणून सोडणं अक्षम्य आहे. बॉनेट उघडं आणि कुणाचा हात बेल्टजवळ असताना इंजिन सुरू होऊ शकतं. तो स्विच गंजून बॉडीला टेकला तर मात्र मॉड्यूल बॉनेट उघडं समजून स्टार्टच देत नाही, तेव्हा तोही तपासा. ब्रेकची वायर जोडून, पेडल दाबल्यावर इंजिन बंद होतं का ते पाहा. गिअर हाताने टाकायच्या गाडीत, न्यूट्रल आणि हँडब्रेकची खात्री करूनच स्टार्ट देणारं मॉड्यूल नसेल, तर ते बसवूच नका. सगळ्या चाचण्या मोकळ्या हवेत घ्या, बंद गॅरेजमध्ये धूर साचतो.