'रन डाउन', 'थ्रो अप', 'कॉल ऑफ': वॉर्डात आणि ऑफिसात कानावर पडणारं इंग्रजी

ब्रिटनमधल्या एखाद्या वॉर्डात पेशंट सकाळी सांगतो: 'आय वॉज फीलिंग अ बिट रन डाउन. थॉट आय वॉज कमिंग डाउन विथ समथिंग. देन आय वॉज अप ऑल नाइट थ्रोइंग अप, कुडन्ट कीप एनीथिंग डाउन, अँड धिस मॉर्निंग आय निअर्ली पास्ड आउट.'

यात एकही शब्द अवघड नाही. रन, कम, थ्रो, कीप, पास हे सगळे शाळेतले. तरीही इंग्रजी माध्यमातून नर्सिंग केलेली मुलगी नेमकी इथे अडते, कारण तिच्या पुस्तकात होते फटीग (थकवा), व्हॉमिटिंग (उलटी) आणि सिंकोपी (शुद्ध हरपणं). पुस्तकी इंग्रजी लॅटिन-ग्रीक वळणाचं असतं, पेशंटचं इंग्रजी घरगुती असतं, आणि घरगुती इंग्रजी क्रियापदाला छोटे शब्द जोडून चालतं. यालाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

वरची वाक्यं एकेक करून पाहू. 'रन डाउन' म्हणजे अंगात त्राण नसणं. 'कम डाउन विथ समथिंग' म्हणजे काहीतरी दुखणं येऊ घातलंय. आपल्याकडे 'कणकण वाटतेय' म्हणतात त्याच्या जवळचं. हे सर्दी, फ्लू, पोटाचा संसर्ग अशा संसर्गजन्य आणि बहुधा किरकोळ दुखण्यासाठीच वापरतात. मधुमेहाला किंवा हाड मोडण्याला कोणी 'कम डाउन विथ' लावत नाही. 'थ्रो अप' म्हणजे उलटी. 'कीप डाउन' म्हणजे पोटात ठरणं. 'पोटात काही ठरत नाही' याला इतका नेमका इंग्रजी शब्दप्रयोग दुसरा नाही. आणि 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. आपल्याकडे मुलाखतीत सर्रास 'आय पास्ड आउट इन 2019' म्हणतात. लष्करी अकादमीतल्या 'पासिंग आउट परेड'मुळे तो अर्थ पूर्ण परका नाही, पण ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला पहिल्यांदा चक्करच आठवते. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड इन 2019' म्हणावं.

आता हेच सगळं नोंदीत किंवा डॉक्टरांच्या पत्रात उतरवायचं तर भाषा पालटते: फटीग, रिपीटेड व्हॉमिटिंग, अनेबल टु टॉलरेट फूड ऑर फ्लुइड्स, निअर्ली फेंटेड. म्हणजे एकाच गोष्टीची दोन रूपं हवीत, एक ऐकायला आणि पेशंटशी बोलायला, दुसरं लिहायला. 'ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट', म्हणजे ओईटी, आरोग्यक्षेत्रातल्या 12 व्यवसायांसाठी घेतली जाते आणि ती हीच दोन रूपं तपासते. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. प्रत्येकाला तयारीची तीन मिनिटं आणि संवादाची साधारण पाच. समोरचा परीक्षार्थीशी पेशंट किंवा नातेवाईक होऊन बोलतो. लेखनात 45 मिनिटांत पत्र लिहायचं असतं, त्यातली पहिली पाच फक्त वाचायची. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते, परत नाही. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी श्रेणी आणि लेखनात सी प्लस चालते. गडबड ठरलेली असते: रोलप्लेमध्ये पेशंटला 'डू यू हॅव एनी एमेसिस?' असं उलटीच्या वैद्यकीय शब्दात विचारलं जातं आणि पत्रात 'शी वॉज थ्रोइंग अप' लिहिलं जातं. नेमकं उलट हवं.

फ्रेझल व्हर्बची भीती बाळगायचं मात्र कारण नाही, मराठी माणसाने तर नाहीच. आपला 'पडणे' बघा. माणूस आजारी पडतो, यंत्र बंद पडतं, सौदा महागात पडतो, एखादी गोष्ट पथ्यावर पडते. गळा बसतो, धक्काही बसतो. ताप चढतो आणि उतरतो. दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय, हे परदेशी माणसाला शब्दशः सांगून पाहा. यातलं काहीही आपण व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो नाही. कोणत्या शब्दाबरोबर कोणतं क्रियापद येतं हे कानाने ऐकत गेलो. इंग्रजीचंही तसंच आहे, आणि म्हणूनच 'गेट'ची पंचवीस रूपं एका पानावर पाठ करायची पद्धत बाद करावी. ती चाचणीपुरती टिकते. शब्द त्याच्या जोडीदारासकट लक्षात ठेवावा: सूज 'गोज डाउन', पुरळ 'ब्रेक्स आउट', संसर्ग 'क्लिअर्स अप', जुना सांधेदुखीचा त्रास 'फ्लेअर्स अप', भुलीचा अंमल 'वेअर्स ऑफ'. दाढ काढल्यावर 'द नम्बनेस विल वेअर ऑफ इन अ फ्यू अवर्स' असंच सांगतात.

छोट्या शब्दांना थोडीफार दिशा असते, तिचा उपयोग होतो. 'डाउन'मध्ये बऱ्याचदा घट असते: 'कट डाउन ऑन सॉल्ट' म्हणजे मीठ कमी करा. 'आउट'मध्ये पूर्ण वगळणं येतं: 'कट आउट सॉल्ट' म्हणजे मीठ बंदच करा. पथ्य सांगताना हा फरक गंभीर आहे. 'अप'मध्ये पुष्कळदा पुरं होण्याचा भाव असतो: 'युज अप', 'हील अप'. पण सगळीकडे तर्क चालवायला गेलात तर 'थ्रो अप'लाच ठेच लागेल.

व्याकरणात जिथे हमखास चुकतं अशा दोनच जागा आहेत. पहिली: कर्म सर्वनाम असेल तर काही क्रियापदांत ते मध्येच यावं लागतं. 'कॉल ऑफ द मीटिंग' चालतं, 'कॉल द मीटिंग ऑफ' चालतं, 'कॉल इट ऑफ' चालतं, 'कॉल ऑफ इट' चालत नाही. उलट 'लुक आफ्टर' कधीच फुटत नाही: 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. तीन तुकड्यांची, म्हणजे 'कम डाउन विथ', 'रन आउट ऑफ', 'कट डाउन ऑन' ही जवळजवळ सगळी अभंगच राहतात. कोणतं फुटतं हे ओळखायचं तर शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात पाहावं. तिथे 'कॉल समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं. 'समथिंग' मध्ये असेल तर क्रियापद फुटतं, शेवटी असेल तर नाही.

दुसरी जागा आघाताची. क्रियापद असताना जोर बहुधा छोट्या शब्दावर पडतो आणि शब्द सुटे लिहितात: 'दे लेड ऑफ फिफ्टी पीपल' म्हणताना 'ऑफ' ठसठशीत. नाम झालं की जोर पहिल्या भागावर जातो आणि शब्द जुळतात: 'लेऑफ', 'चेकअप', 'टेकओव्हर', 'वर्कआउट'. सगळ्या तुकड्यांवर सारखाच जोर देऊन बोललं की ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून जुळवाजुळव करावी लागते.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी 'सिक' या एका शब्दावर अर्धा तास द्यावा. अमेरिकेत 'आय वॉज सिक' म्हणजे आजारी होतो. ब्रिटनमध्ये 'आय वॉज सिक ट्वाइस इन द नाइट' म्हणजे रात्री दोनदा उलटी झाली. 'ऑफ सिक' म्हणजे आजारपणाच्या रजेवर, 'कॉल इन सिक' म्हणजे फोन करून आजारी असल्याचं कळवणं. म्हातारी मंडळी 'पूअरली' म्हणतात, म्हणजे बरं नाही. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचं काम, 'द रन्स' म्हणजे जुलाब, 'बॅक पॅसेज' म्हणजे गुदद्वार, 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या. 'आय हॅव पुट माय बॅक आउट' ऐकलं की पाठीत उसण भरलीय असं समजावं. 'आर यू ब्रिंगिंग अप एनी फ्लेम?' हा प्रश्न कफ पडतो का, याचा आहे. कफाच्या या शब्दाच्या स्पेलिंगमधला 'जी' उच्चारत नाहीत, म्हणून नवख्या कानाला तो ज्वाळेच्या 'फ्लेम'सारखाच ऐकू येतो आणि नवी माणसं बुचकळ्यात पडतात. हाच 'ब्रिंग अप' ऑफिसात आला की त्याचा अर्थ विषय काढणं होतो, आणि घरात मुलं वाढवणं.

मृत्यूबद्दल बोलताना विनोदी वाक्प्रचार जिभेवर येऊच देऊ नयेत. 'किक द बकेट' कोशातून तुमच्या लक्षात असेल, तो तिथेच राहू द्या. 'पास अवे' सौम्य आणि सुरक्षित आहे. नातेवाइकांना बातमी देताना मात्र 'डाइड' हा सरळ शब्दच वापरावा. 'वी लॉस्ट हर' म्हटलं की धक्क्यात असलेल्या माणसाचा गैरसमज होऊ शकतो. 'एक्स्पायर्ड' आपल्याकडे रुळलेला असला तरी बाहेरच्या सामान्य माणसाला त्यातून दुधाची नाहीतर औषधाची तारीख आठवते.

ऑफिसातली सगळ्यात महागडी चूक तारखांची असते. 'पुट ऑफ' आणि 'पुश बॅक' म्हणजे पुढे ढकलणं, 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे घेणं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. मराठीत बैठक 'पुढे' गेली म्हणजे नंतर होणार, आणि 'फॉरवर्ड'चं भाषांतर डोक्यात 'पुढे' असं होतं, त्यामुळे 'ब्रिंग फॉरवर्ड' ऐकून माणूस नेमका उलटा अर्थ घेतो. आपला 'प्रीपोन' सोयीचा शब्द आहे, पण भारताबाहेर अनेकांना कळत नाही. कोणताही शब्द वापरा, त्याच वाक्यात नवी तारीख आणि वेळ लिहा. 'टेबल'चा घोळ याहून जुना आहे. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं. आपलं 'सभागृहाच्या पटलावर ठेवणं' त्याच वाटेने आलंय. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला सारणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांमध्ये या शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिलने नोंदवलंय. दोन्ही बाजूंना तो विषय लगेच घ्यायचा होता!

नोकरी जाण्याचे शब्द नीट वेगळे ठेवा. 'सॅक' किंवा 'फायर' म्हणजे काढून टाकलं, बहुधा कामात किंवा वागण्यात खोट काढून. 'लेड ऑफ' आणि ब्रिटनमधलं 'मेड रिडंडंट' म्हणजे काम कमी झालं किंवा जागाच उरली नाही. दोष माणसाचा नाही. मुलाखतीत कपातीत गेलेली नोकरी सांगताना 'आय वॉज फायर्ड' म्हटलंत तर नसलेला डाग स्वतःला लावून घ्याल. 'दे लेट हिम गो' ऐकून लवकर घरी सोडलं असं समजू नये. तीही नोकरी गेल्याचीच बातमी असते.

खेळ बघून शब्दाचा देश ओळखता येतो, आणि इथे आपण क्रिकेटवाले फायद्यात आहोत. ब्रिटिश साहेब 'बाय क्लोज ऑफ प्ले' म्हणतो तेव्हा त्याला दिवस संपायच्या आत काम हवं असतं. 'ऑफ हर ओन बॅट' म्हणजे कोणी न सांगता, स्वतःहून. 'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची जागा. उघड्या खेळपट्टीवर पाऊस पडून ऊन आलं की चेंडू कसाही उसळायचा, तिथून आलेला. अमेरिकन ऑफिसात बेसबॉल असतो: 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. तो मागितला की 'अराउंड टेन टु ट्वेल्व्ह थाउजंड' असं सांगावं. पैशापर्यंत हिशेब करत दोन दिवस घालवू नयेत, आणि तो पक्का भाव नाही हेही त्याच मेलमध्ये लिहावं.

दवाखाना आणि धंदा यांची भाषा एकमेकींत मिसळलेली आहे, हे ध्यानात आलं की निम्मं पाठांतर वाचतं. पेशंट 'पुल्स थ्रू', म्हणजे दुखण्यातून तगतो, डबघाईला आलेली कंपनीही 'पुल्स थ्रू'. भूल देताना माणूस 'गोज अंडर', दिवाळं निघालं की कंपनी 'गोज अंडर'. तब्येत 'पिक अप' होते, विक्रीही. 'शॉट इन द आर्म' म्हणजे उभारी देणारी मदत. 'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हे मुळात जहाजाचं कागदपत्र, निघालेल्या बंदरात साथ नव्हती याचा दाखला. आज लेखापरीक्षणात कंपनी निर्दोष ठरली तरी तेच म्हणतात. आपल्याला हे नवं नाही. आपले साखर कारखाने आजारी पडतात, आणि 1985 साली केंद्राने केलेल्या कायद्याच्या नावातच 'सिक इंडस्ट्रियल कंपनीज' होतं.

वही करायची तर पानावर चार रकाने आखा: शब्दप्रयोग, त्याचे जोडीदार शब्द, कुठे चालतो (पेशंटशी, साहेबाशी की फक्त मित्रांत), आणि लिहिण्यातला औपचारिक शब्द. उदाहरणार्थ 'लुक इन्टू'; जोडीदार तक्रार, कारण, प्रश्न; सगळीकडे चालतो; लेखनात 'इन्व्हेस्टिगेट'. आठवड्याला दहा-बारा पुरेत. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने चौथा रकाना झाकून तोंडी आठवा. बोलण्यात वापरायला तीस-चाळीस पक्के झाले तरी काम भागतं. समजायला मात्र याच्या पाचपट लागतात. म्हणी आणि वाक्प्रचारांचा मोह विशेष आवरावा. एका मेलमध्ये तीन वाक्प्रचार कोंबले की मजकूर घोकलेला वाटतो, आणि त्यातला एक शब्द जरी हलला, 'इन द सेम बोट'चं 'ऑन द सेम बोट' झालं, तरी सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. 'कोप अप विथ' आणि 'डिस्कस अबाउट' हेही आपल्याकडचे जोड आहेत; नुसतं 'कोप विथ' आणि 'डिस्कस' म्हणावं.

कितीही तयारी केली तरी वॉर्डात एखादा अनोळखी शब्दप्रयोग कानावर येणारच. तेव्हा मान डोलावू नका. नर्सने मान डोलावली की पेशंट समजतो, हिला कळलं, आणि पुढचं सांगायचं थांबतो. 'सॉरी?' एवढंच विचारलं तर तो तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणतो. त्यापेक्षा त्याचाच शब्द उचलून दोन पर्याय पुढे करा: 'व्हेन यू से यू केम ओव्हर फनी, डू यू मीन डिझी, ऑर सिक टु युवर स्टमक?' म्हणजे चक्कर आली की मळमळलं? पेशंट एक निवडतो, आणि नोंदीत काय लिहायचं ते तुमच्या हाती येतं.