लिनक्स कर्नलमधल्या बाइंडची टेस्ट लिहिताना या चुका टाळा

बाइंड म्हणजे सॉकेटला, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडणीच्या टोकाला, ठरावीक पत्ता आणि पोर्ट क्रमांक बांधून देण्याची कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी. ते यशस्वी झालं की टेस्ट पास, असं धरून लिहिलेल्या टेस्ट मी खूप पाहिल्या आहेत. पण बाइंडची खरी कसोटी नकारात आहे. दुसऱ्या सॉकेटने तोच पत्ता, तोच पोर्ट मागितला तर कर्नल त्याला अडवतो का, हे तपासायचं असतं.

आणि बाइंडकडून नुसतं उणे एक, म्हणजे अपयशाचं उत्तर, आलं म्हणून नकार बरोबर ठरत नाही. सोबतचा एरर क्रमांक (errno) बघा. 98 म्हणजे पत्ता आधीच वापरात, 99 म्हणजे हा पत्ता या मशीनवर नाही, 13 म्हणजे परवानगी नाही. पोर्ट 80 घेऊन टक्कर तपासणारी टेस्ट साध्या युजरने चालवली, तर सहसा 13 येतो. फक्त उणे एक पाहणारी टेस्ट तोही पास म्हणून मोजते. क्रमांक लगेच व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. मध्ये प्रिंटएफ किंवा क्लोज आलं तर तो बदलू शकतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 या जुन्या आणि नव्या पत्ता-पद्धतींच्या एकत्र वागण्याकडे. लिनक्समध्ये :: वर (आयपीव्ही6चा ‘कुठलाही’ पत्ता) बांधलेला सॉकेट मूळ सेटिंगमध्ये आयपीव्ही4चाही तो पोर्ट अडवतो; ‘फक्त व्ही6’ हा पर्याय लावला तरच दोघे शेजारी बसतात. कर्नलच्या 6.1 आवृत्तीत, बांधलेले सॉकेट पोर्ट आणि पत्ता दोन्हींवर शोधणारं नवं हॅश टेबल (झटपट शोधायची यादी) आलं. शोध वेगवान झाला, पण :: सारख्या ‘कुठलाही’ पत्त्यांची तुलना चुकत राहिली आणि 2023 व 2024 मध्ये त्यावर पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. बाइंड_वाइल्डकार्ड ही सेल्फटेस्ट (कर्नलच्या कोडसोबतच येणारी टेस्ट) त्यातूनच आली. म्हणून जोड्या दोन्ही क्रमांनी तपासा: आधी 127.0.0.1 (मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता) मग ::, आणि आधी :: मग 127.0.0.1. ::ffff:0.0.0.0 आणि ::ffff:127.0.0.1 हे आयपीव्ही6च्या रूपात लिहिलेले आयपीव्ही4 पत्तेही यादीत हवेतच.

‘पत्ता वापरात’ ही एरर नको म्हणून सगळीकडे रीयूजॲड्र (पत्ता पुन्हा वापरू देणारा सॉकेटचा पर्याय, SO_REUSEADDR) लावणं ही मला सर्वांत घातक सवय वाटते. दोन्ही टीसीपी सॉकेटवर तो लावला आणि पहिला अजून लिसन करत (येणाऱ्या जोडण्यांची वाट बघत) नसेल, तर लिनक्स दुसरं बाइंडही चालवून घेतो. टक्कर मग लिसनच्या वेळी दिसते. तुमची टेस्ट बाइंडपाशी थांबत असेल, तर तिने काहीच तपासलेलं नसतं. टाइम-वेटचे, म्हणजे जोडणी बंद झाल्यावरही पोर्ट अडून राहण्याचे, 60 सेकंद टाळायचे असतील तर पोर्ट 0 मागा, म्हणजे कर्नल स्वतः रिकामा पोर्ट देतो, आणि मिळालेला क्रमांक गेटसॉकनेमने विचारा. ठरावीक पोर्टच हवा असेल तर टेस्ट वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच मशीनवरच्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) चालवा. तिथे लूपबॅक (127.0.0.1 चा अंतर्गत इंटरफेस) बंद असतो, तो आधी सुरू करायला विसरू नका.

पोर्ट क्रमांकाचे बाइट नेटवर्कच्या क्रमाने लावणारं एचटूएनएस (htons) फंक्शन विसरलात तर 8080 ऐवजी 36895 वर बाइंड होतं. क्लायंटमध्येही तीच चूक असेल तर दोघे आरामात बोलतात. तसंच, पत्त्याच्या शून्याने भरलेल्या स्ट्रक्चरमध्ये फॅमिली (पत्ता कोणत्या प्रकारचा ते) भरायची राहिली आणि पत्ता 0.0.0.0 असेल, तर जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी आयपीव्ही4चं बाइंड ते स्वीकारतं. दुसरा पत्ता दिला की मात्र एरर येते. यासाठी एक वेगळी केस लिहाच.

अनेक सॉकेटना एकच पोर्ट वाटून घेऊ देणारा रीयूजपोर्ट हा पर्याय कर्नल 3.9 पासून आहे. तो प्रत्येक सॉकेटवर, बाइंडच्या आधी लावावा लागतो आणि सॉकेट एकाच युजरचे असावे लागतात. वेगळ्या युजरची केस बहुतेक जण सोडतात.

आयपीव्ही6 नसलेल्या कर्नलवर टेस्टने 4 हा एक्झिट कोड द्यावा, म्हणजे ती ‘स्किप’ नोंदली जाते. शून्य दिला तर पास समजली जाते.

शेवटी, टेस्ट ज्या दुरुस्तीसाठी लिहिली ती दुरुस्ती काढून कर्नल पुन्हा बांधा आणि व्हर्च्युअल मशीनवर तीच टेस्ट चालवा. तिथे ती फेल झाली नाही, तर पॅच पाठवू नका.